मुंबईच्या किनाऱ्याचा सौदा

मुंबईंत मशीद बंदर स्टेशनाच्या पूर्वेस पी. डि'मेलो मार्ग नांवाचा लांबलचक रस्ता आहे. जुन्या पिढीच्या तोंडीं त्याचें नांव फ्रियर रोड असें होतें. रस्त्याच्या एका अंगास वखारी, दुसऱ्या अंगास गोदीची भिंत, आणि मधून मालाच्या मोटारींची अखंड रांग. या रस्त्यानें जाणाऱ्या मनुष्याच्या पायांखालची जमीन १८५० सालीं जमीन म्हणून अस्तित्वांतच नव्हती. तेथें भरतीचें पाणी खेळत असे. ती समुद्रांतून कोणीं काढली, आणि काढल्यावर ती कोणाच्या मालकीची झाली, या दोन प्रश्नांत मुंबई शहराच्या इतिहासाचें एक फार बोधप्रद प्रकरण सांठविलेलें आहे. सार्वजनिक मालकीची जागा एका खासगी कंपनीच्या स्वाधीन करावयाची, तिच्याकडून शहराच्या उपयोगाचें काम करून घ्यावयाचें आणि मोबदला म्हणून त्याच जागेचा मोठा वांटा तिला द्यावयाचा, असा सौदा मुंबई सरकारनें १८६२ सालीं केला. आणि आठ वर्षांच्या आंत तोच किनारा पैसे मोजून परत विकत घेतला.

या सौद्यांतील दुसरा पक्ष म्हणजे १८५८ सालीं स्थापन झालेली 'एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी'. नांवांतील 'प्रेस' या शब्दानें छापखान्याचा भास होतो. पण तो कापसाच्या गांठी दाबण्याचा कारखाना. देशावरून येणारा सैल कापूस दाबून, आवळून, जहाजांत कमी जागा घेईल असा करावयाचा हा धंदा. त्याला लागतात दोन गोष्टी : भरपूर मोकळी जागा आणि जवळच जहाजाला लागणारा धक्का. मुंबईच्या कोटाच्या आंत पहिलीची टंचाई होती, आणि दुसरी गोष्ट समुद्र हटविल्यावांचून मिळण्यासारखी नव्हती. म्हणून कापूस दाबणाऱ्या कंपनीनें समुद्र भरण्याचा उद्योग हातीं घेतला. उथळ खाडीच्या तोंडाशीं दगडी बांध घालावयाचा, आंत माती-मुरूम टाकून भरणी करावयाची, आणि बांधाच्या बाहेरच्या कडेला होड्या-पडाव लावून माल उतरवावयाचा, असें त्या कामाचें स्वरूप होतें.

त्या वेळचें मुंबई शहर कसें होतें, हें डोळ्यांपुढें आणल्यावांचून सरकारनें हा सौदा कां केला तें उमगणार नाहीं. कोटाभोंवतीं तट आणि खंदक अद्यापि उभे होते. अपोलो दरवाजा, चर्चगेट आणि बाजारगेट या तीन दरवाजांतून शहराची सगळी ये-जा चाले. शत्रूचें भय कधींच सरलें होतें. उरली होती ती अडचण आणि खंदकांतील घाण. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली होती. सह्याद्रीच्या पलीकडे तिचे रूळ भराभर पुढें सरकत होते, आणि १८६३ सालीं बोरघाटाचा चढ खुला झाला. म्हणजे दख्खनचा माल थेट बंदरावर येऊन आदळणार, हें स्पष्ट दिसत होतें. पण तो उतरवून घेण्यास जी. आय. पी. रेल्वेच्या अखेरच्या स्थानकापाशीं जागा नव्हती.

एप्रिल १८६२ मध्यें सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले. मनुष्य धडाडीचा. कोटाचे तट पाडण्याचा हुकूम त्यांच्याच कारकीर्दीचा, आणि तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर आज दिसणारी मुंबई उभी राहिली ती त्यांच्याच योजनेनें. पण धडाडीला तिजोरीची जोड नव्हती. मुंबई सरकारला स्वतःचें असें अंदाजपत्रक जवळजवळ नव्हतेंच म्हटलें तरी चालेल. प्रांताच्या मोठ्या खर्चाला कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची मंजुरी लागे, आणि कलकत्ता विलायतेकडे पाही. ज्याच्या हातीं पैसा नाहीं पण जमीन आहे, असा मनुष्य जें करतो तेंच सरकारनें केलें. त्यानें जमिनीचेंच नाणें पाडलें.

१८६२ सालच्या कराराचें सार थोडक्यांत असें : कंपनीनें रेल्वेच्या अखेरच्या स्थानकासाठीं १०० एकर जागा समुद्रांतून काढून द्यावी, त्याच्या बदल्यांत कंपनीस स्वतःकरितां २५० एकर समुद्र भरून घेण्याचा हक्क मिळावा.

कागदावर हा व्यवहार सरकारच्या लाभाचा दिसतो, आणि त्या वेळच्या शहाण्या माणसांनाही तो तसाच वाटला. तिजोरींतून पैसा न देतां शंभर एकर जागा मिळते. जें दिलें तें म्हणजे पाणी, चिखल आणि ओहोटीला उघडी पडणारी दलदल. कंपनीनें आपल्या भांडवलावर, आपल्या जोखमीवर त्याची जमीन करावी; त्यांत सरकारचें गेलें काय? हा युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हता, हें मान्य केलें पाहिजे. सरकारच्या आशेवर राहिलें असतें तर तीं कामें आणखी वीस वर्षें झालीं नसतीं.

चूक होती ती अन्यत्र. करारांत एकर मोजले गेले. पण समुद्रांतून काढलेल्या जमिनीची खरी किंमत तिच्या विस्तारांत नसून तिच्या बाहेरच्या कडेंत असते. जमीन आणि पाणी जेथें भेटतात त्या कडेवरूनच शहराची सगळी आयात आणि निर्यात जावयाची. २५० एकरांबरोबर ही कड कंपनीच्या हातीं गेली. बंदराचें दार शहराच्या मालकीचें न राहतां एका व्यापारी मंडळीच्या मालकीचें होणार, याचा हिशेब १८६२ सालीं कोणीं मांडल्याचें दिसत नाहीं. आणि जे लोक त्या किनाऱ्यावर होड्या ओढीत, जाळीं वाळवीत, डोक्यावरून ओझीं वाहत, त्यांना तर कोणीं विचारलेंच नाहीं. वाटाघाटींच्या मेजापाशीं त्यांच्यासाठीं खुर्ची नव्हती.

याच सुमारास कोटाच्या आंत, टाऊन हॉलच्या समोर, अगदीं निराळ्या रीतीनें एक सौदा होत होता. टाऊन हॉलची भव्य इमारत १८३३ सालीं पुरी झाली. तिच्या पायऱ्यांपासून सेंट टॉमसच्या देवळापर्यंत मोकळें मैदान पसरलेलें होतें. एके काळीं तेथें कापसाच्या गांठींच्या राशी पडत. १८४४ सालीं कापसाचा बाजार कुलाब्याला गेला, आणि शहराच्या मध्यावर धूळ, केरकचरा आणि नारळाच्या करवंट्या यांचें साम्राज्य झालें. चार्ल्स फॉर्जेट या पोलीस अधिकाऱ्याच्या मनांत आलें कीं, येथें वर्तुळाकार उद्यान करावें आणि त्याच्या भोंवतीं एकसारख्या इमारती उठवाव्या. हे फॉर्जेट साहेब मोठे विलक्षण गृहस्थ. जन्म हिंदुस्थानांतला, देशी भाषा मातृभाषेसारख्या येत, आणि १८५७ च्या धामधुमींत वेषांतर करून शहरांत हिंडत, अशी त्यांची ख्याति. पोलिसाच्या डोक्यांतून नगररचना निघावी हें आज नवल वाटतें; पण शहराच्या आरोग्याची आणि रस्त्यांची व्यवस्था त्या काळीं त्याच मंडळींच्या हातीं असे.

या योजनेला प्रथम लॉर्ड एल्फिन्स्टन यांचें आणि मागाहून फ्रियर यांचें पाठबळ मिळालें. म्युनिसिपालिटीनें ती सगळी जागा एकत्र विकत घेतली, रस्ते आणि बागेची आंखणी केली, आणि मग भोंवतालचे तुकडे बांधकामासाठीं व्यापारी पेढ्यांना विकले. दर्शनी भाग एकसारखा असावा, तळमजल्यावर लोकांना उन्हापावसांतून चालतां येईल अशी कमानींची पडवी असावी, अशी ती रचना होती. विक्रींत म्युनिसिपालिटीला चांगलाच नफा झाला. बाग शहराची राहिली. आणि पडवींतून आजही कोणींही चालत जावें. १८६९ ते १८७२ या काळांत बागेचें काम पुरें झालें. एल्फिन्स्टन सर्कल हें तिचें त्या वेळचें नांव. स्वातंत्र्यानंतर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचें नांव तिला मिळालें.

दोन्ही सौद्यांत जमीन सार्वजनिक होती, आणि दोन्हींत खासगी पैशाचें साहाय्य घेतलें गेलें. परंतु एका ठिकाणीं शहरानें आधीं आराखडा केला आणि मग गिऱ्हाईक पाहिलें. दुसऱ्या ठिकाणीं गिऱ्हाईक आधीं दारीं आलें आणि आराखडा त्याच्या सोयीनें झाला. अर्थात् मैदान आणि समुद्र यांची तुलना किंचित् अन्यायाची आहे. मैदान विकावयास भांडवल थोडें लागतें. समुद्र भरावयास अपार लागतें.

तें अपार भांडवल त्या वेळीं मुंबईंत एकाएकीं येऊन पडलें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या तोंडाकडे पाहूं लागल्या. युद्धाच्या चार-पांच वर्षांत नेहमींच्या किंमतीहून वर सुमारे सत्तर-पंचाहत्तर कोट रुपये मुंबईच्या पदरांत पडले, असा हिशेब सांगतात. एवढा पैसा ठेवावयाचा कोठें? मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, आणि जो तो समुद्र भरण्याच्या कंपन्या काढूं लागला.

या कंपन्यांची मुकुटमणि म्हणजे बॅक बे रिक्लेमेशन कंपनी. तिचा जन्मही सरकारच्या गरजेंतूनच झाला. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेला शहराच्या पश्चिम किनाऱ्यानें कुलाब्यापर्यंत जागा हवी होती, आणि पैसा देण्यास वरिष्ठ सरकार तयार नव्हतें. तेव्हां पुन्हां तोच उपाय : कंपनीनें रेल्वेला जागा भरून द्यावी आणि उरलेला उपसागर आपण घ्यावा. कंपनीचे चारशें भाग मुंबई सरकारनें स्वतः घ्यावे अशीही योजना होती. म्हणजे जमीन देणारा आणि घेणारा एकच! वरिष्ठ सरकारनें ती मान्य केली नाहीं, हें त्याच्या शहाणपणाचें लक्षण म्हटलें पाहिजे. मग त्या चारशें भागांचा लिलाव झाला, आणि त्यांतून कोटीहून अधिक रुपये आले. ज्या भागावर पांच हजार रुपये भरलेले होते त्याला बाजारांत पन्नास हजारांपर्यंत भाव चढला. समुद्राचा तळ अजून समुद्राच्या तळाशींच होता. पण त्याच्या कागदांवर लोक घरेंदारें गहाण टाकूं लागले. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे; त्यांच्या चिठीवर बँक ऑफ बॉम्बेची तिजोरी उघडे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा व्यासंगी पंडितही या मोहापासून दूर राहूं शकला नाहीं आणि आपलें द्रव्य गमावून बसला.

एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेंतील युद्ध थांबलें. कापसाचा भाव कोसळला. वायद्याच्या व्यवहारांचा निकाल लागावयाचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशीं देणें देण्यास कोणापाशीं कांहीं नव्हतें. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, नाना शंकरशेट निवर्तले. बॅक बे कंपनी पार बुडाली. तिच्या अर्धवट कामांतून किनाऱ्याची जी पट्टी हातीं आली तिच्यावरून पुढें रेल्वे गेली.

एल्फिन्स्टन कंपनीची गत मात्र निराळी झाली, आणि या प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. ती निव्वळ कागदी कंपनी नव्हती. तिनें खरोखर भरणी केली होती, धक्के बांधले होते, आणि त्या धक्क्यांवर माल उतरत होता. भांडवलाचा ओघ आटला तरी कड तिच्या मुठींत राहिली. शहराच्या पूर्व किनाऱ्यावर माल उतरवावयाचा तर तिच्या दारीं जावें लागे, किंवा दुसऱ्या एखाद्या खासगी बंदराच्या मालकाकडे. असें एक मोठें बंदर मूठभर धन्यांच्या मर्जीवर चालावें, ही गोष्ट व्यापाऱ्यांना सलूं लागली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला. विलायतेचा मार्ग केपला वळसा घालून जात असे, तो आतां मुंबईच्या समोर येऊन ठेपला. आगबोटी वाढणार, त्यांना खोल पाण्याची गोदी लागणार, आणि ज्या जागेवर गोदी बांधावयाची ती जागा सरकारनें आठ वर्षांपूर्वीं देऊन टाकलेली!

वाटाघाटींचीं पारडीं आतां उलटलीं होतीं. १८६२ सालीं कंपनी सरकारच्या दारीं आली होती. आतां सरकार कंपनीच्या दारीं गेलें. विकणाऱ्याला ठाऊक असतें कीं, घेणाऱ्याला दुसरी वाट नाहीं. अशा वेळीं भाव कोण ठरवितो हें सांगावयास नको. १८७० सालीं कंपनीची सगळी मिळकत सरकारनें विकत घेतली. किंमत कोटींच्या घरांत गेली. भागधारकांचें यांत फारसें वाईट झालें नाहीं. ज्या दलदलीची किंमत १८६२ सालीं शून्य धरली होती तिच्यासाठीं शहराच्या पुढील पिढ्यांनीं कर्ज फेडावयाचें, एवढाच त्याचा अर्थ. त्या पैशांत कंपनीनें केलेल्या भरणीचा आणि धक्क्यांचा मोबदला होता, हें खरें. पण एकदां सोडलेला हक्क परत मिळविण्याचें मोलही त्यांतच होतें.

या अनुभवानें सरकार एक गोष्ट शिकलें. परत आलेली मिळकत पुन्हां कोणा कंपनीस न देतां १८७३ च्या पहिल्या कायद्यानें मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. कर्नल बॅलार्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष. ट्रस्टची पहिलीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. किनाऱ्याचे कांहीं भाग अजून खासगी मालकांकडे होते, आणि ट्रस्टनें धक्क्याचा दर ठरविला कीं ते आपला दर खालीं आणून माल ओढून नेत. १८७५ सालीं सॅसून घराण्यानें कुलाब्याला स्वतःची गोदी बांधली. मुंबईंतली ती पहिली पाणगोदी. १८७९ सालीं तीही सार्वजनिक मालकींत आली. अशा रीतीनें तुकडा तुकडा करून किनारा परत मिळवावा लागला.

१८७५ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या युवराजांनीं प्रिन्सेस डॉकची कोनशिला बसविली, आणि १८८० च्या आरंभीं गोदी खुली झाली. ती एल्फिन्स्टन कंपनीकडून घेतलेल्या जागेंतच खोदली गेली. खोदतांना एक चमत्कार दिसला. चिखलाच्या खालीं, मुळांसकट उभीं, खैराच्या जातीचीं झाडें सांपडलीं. म्हणजे जी जमीन कंपनीनें समुद्रापासून 'जिंकली' असें सगळे म्हणत होते, ती समुद्रानें कधीं काळीं जमिनीपासूनच घेतलेली होती!

पोर्ट ट्रस्टनें १८६२ चा धडा किती मनांत बाळगला याची साक्ष बॅलार्ड इस्टेट देते. अलेक्झांड्रा डॉक खोदतांना निघालेल्या मातीनें सुमारे बावीस एकर समुद्र भरला गेला. गोदी १९१४ सालीं खुली झाली. भरलेल्या जागेवर जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं एका घाटाच्या, एका उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. बांधकाम ज्याचें त्यानें आपल्या पैशानें केलें. पण जमीन ट्रस्टनें विकली नाहीं, भाडेपट्ट्यानें दिली. फॉर्जेट साहेबांच्या वर्तुळांतील शिस्त येथें आली, आणि वर मालकीही हातची गेली नाहीं.

तथापि, कंपनी बाजूला सारली कीं सगळें आलबेल होतें, असाही समज करून घेतां कामा नये. १९२० नंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारनें बॅक बे पुन्हां हातीं घेतला, आणि या खेपेस स्वतःच कंत्राटदाराच्या भूमिकेंत उतरलें. ११४५ एकर भरावयाचा बेत होता. उपसून आणलेला चिखल बांधाच्या आंत टिकेना, खर्च वाढत गेला, आणि लोकांनीं त्या कामास 'लॉइडचा मूर्खपणा' असें नांव दिलें. १९२६ सालीं चौकशी समिति नेमावी लागली. वीर नरीमन यांनीं त्या कारभारावर उघड टीका केली, त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला, आणि १९२८ सालीं ते निर्दोष सुटले. योजना बरीच आटोपती घ्यावी लागली. तिच्यांतून निदान मरीन ड्राइव्हचा रस्ता तरी मुंबईकरांस लाभला.

पूर्व किनाऱ्याचें काय झालें? मोठीं जहाजें आणि पेट्यांतून जाणारा माल १९८९ नंतर हळूहळू खाडीपलीकडे न्हावाशेव्याच्या बंदराकडे वळला. २०२१ च्या कायद्यानें पोर्ट ट्रस्टचें रूपांतर मुंबई बंदर प्राधिकरणांत झालें. पण जमीन त्याच सार्वजनिक मालकींत आहे. मुंबईंतील अत्यंत मोठ्या जमीनमालकांत त्याची गणना होते. जुन्या वखारी आणि ओस पडलेले धक्के यांच्या जागीं काय करावें, तें कोणीं बांधावें आणि कोणत्या अटींवर, याच्या योजना, समित्या आणि बैठकी २०१४ पासून चालल्या आहेत. जागा तीच आहे, आणि प्रश्नही पुष्कळसे तेच आहेत : किती एकर द्यावे, विकावे कीं भाड्यानें द्यावे, आणि समुद्राची कड कोणाच्या हातीं राहावी.

प्रिन्सेस डॉक मात्र आतां तेथें नाहीं. ती आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया डॉक या दोन्ही गोद्या पेट्यांचा माल ठेवण्यासाठीं जागा हवी म्हणून बुजविण्यांत आल्या. एल्फिन्स्टन कंपनीनें भरलेली, सरकारनें परत घेतलेली, ट्रस्टनें खोदलेली ती जागा पुन्हां भरणीची जमीन झाली आहे.